फोटोग्राफर व्हायचंय, तर फोटोग्राफीचंच कॉलेज करावं का?

चाफा, लालबाग

मंडळी, घरात आठवडाभर एकच विषय चालू आहे, म्हणून इथे विचारतेय. माझ्या बहिणीचा मुलगा यंदा बारावी कॉमर्स पास झाला. त्याला फोटोग्राफर व्हायचंय आणि हे कालपरवाचं नाही, शाळेपासूनचं आहे. आजोबांनी घेऊन दिलेला सेकंडहँड कॅमेरा आहे त्याच्याकडे, सोबत आलेली १८-५५ ची लेन्स, आणि लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून घेतलेली ५० एमएम. गणपतीच्या आगमनाच्या दिवशी सकाळी जो बाहेर पडतो तो रात्रीच घरी येतो.

भाऊजी बेस्टमध्ये आहेत. एका खासगी संस्थेचं माहितीपत्रक घरी आलंय. तीन वर्षांचा कोर्स, वर्षाला साडेतीन लाख, शिवाय लॅपटॉप आणि कॅमेरा स्वतःचा. म्हणजे कर्ज काढणं आलंच. भाऊजी म्हणतात, मुकाट्याने बी.कॉम. कर, फोटो सुट्टीत काढ. ताई म्हणते, पोराला एक गोष्ट मनापासून आवडते तर तीच शिकू दे. पोरगा म्हणतो कॉलेजच नको, यूट्यूबवर सगळं आहे, मी सरळ कोणाच्या तरी हाताखाली लागतो. मला तिघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी लिहावं अशी विनंती.

त्याला विचारून त्याचा एक फोटो खाली जोडते. मंडपाच्या बांबूंवर बसून रात्री जेवणारे कामगार.

शटर१२५, डोंबिवली

ताई, आधी एक गोष्ट. कर्ज काढू नका. बाकी सगळं नंतर.

मी लग्नाची कामं करतो, कॉलेज केलेलं नाही. एका सिनियरच्या मागे लाइटचे स्टँड उचलत शिकलो. या धंद्यात कोणीही डिग्री विचारत नाही. गिऱ्हाईक अल्बम बघतं, दर विचारतं, तारीख मोकळी आहे का विचारतं. विषय संपला. साडेदहा लाखांचा हप्ता डोक्यावर असलेला मुलगा पहिली दोन-तीन वर्षं मिळेल ते काम मिळेल त्या भावात घेणार. बारसं, साखरपुडा, दुकानाचं उद्घाटन. ती कामं वाईट नाहीत, माझं घर त्यावर चाललंय. पण मग कोर्समध्ये शिकलेलं करून बघायला त्याला सवड कुठून मिळणार?

राहिला शिकण्याचा प्रश्न. स्टेजवर फॅमिली फोटो घेताना नवीन पोरं लाइट एका बाजूला अगदी जवळ ठेवतात. लाइटपाशी उभी असलेली आत्या पांढरीफटक येते आणि पलीकडच्या टोकाचे काका काळोखात. कारण लाइटपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. लाइट मागे नेला, उंच केला, ताकद वाढवली की दोन्ही टोकांच्या अंतरातला फरक कमी होतो आणि सगळे सारखे दिसतात. हे मला कोणी फळ्यावर शिकवलं नाही. डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये सिनियरने माझ्या हातातला स्टँड ओढून मागे नेला तेव्हा कळलं. हळदीचंही तसंच आहे. पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली दुपारी सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे येतात. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग आपोआप जुळवून घेणारी सोय, तिथे गोंधळतं, कारण चेहऱ्यावर पडणारा उजेडच कापडातून गाळून आलेला असतो. मांडवात पाय ठेवायच्या आधी वर बघायचं, हे कामावर शिकलं जातं.

निळसर, विलेपार्ले

शटरदादा, कर्जाबद्दल शंभर टक्के सहमत. पुढच्याबद्दल नाही.

मी जेजेची, म्हणजे सर ज. जी. उपयोजित कला संस्था या सरकारी कॉलेजातली. तिथे फोटोग्राफी हा उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या पदवीतला विशेष विषय आहे. चाफाताई, तुमच्या धाग्यात खासगी कोर्स, बी.कॉम. आणि हाताखाली लागणं एवढे तीनच पर्याय आहेत. हा चौथा तुमच्या घरापासून बसने अर्ध्या तासावर आहे आणि त्याची फी त्या माहितीपत्रकातल्या आकड्याच्या जवळपासही नाही. कुठल्याही शाखेची बारावी चालते. प्रवेश परीक्षेत चित्रकला असते: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. मुलाने शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या होत्या का? २०२३ पासून जेजे अभिमत विद्यापीठ झालंय, त्यामुळे यंदाच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावरच बघा, कोणाच्या जुन्या माहितीवर जाऊ नका.

आता कॉलेजात काय मिळतं ते सांगते. मी आज प्रॉडक्ट फोटोग्राफी करते, म्हणून तिथलंच उदाहरण. आम्हाला स्टीलच्या तांब्याचा फोटो काढायला सांगितला होता. साधा तांब्या. कॅमेरा लावला तर तांब्यात काय दिसलं? मी, माझा पिवळा कुर्ता, ट्यूबलाइट, खिडकी, मागे उभ्या दोन मैत्रिणी. चकचकीत वस्तूला स्वतःचा रंग जवळपास नसतो, ती भोवतालची खोली दाखवते. म्हणजे तांब्यावर लाइट मारून काही होत नाही, तांब्याला काय दिसावं ते ठरवावं लागतं. मग भोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू केला, लेन्सपुरतं भोक ठेवलं, लाइट बाहेरून मारला. आता तांब्या पांढराशुभ्र, पण पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळलेला, कडाच नाहीत. सरांनी काळ्या कार्डपेपरच्या दोन पट्ट्या आणल्या आणि तंबूच्या आत, चौकटीच्या जरा बाहेर, दोन्ही बाजूंना उभ्या केल्या. तांब्याच्या दोन्ही कडांवर बारीक काळी रेघ उमटली आणि त्याला एकदम गोलाई आली.

यूट्यूबवर हे आहे, अगदी बरोबर. पण यूट्यूबवर हे शोधण्याआधी ‘माझा तांब्या सपाट दिसतोय’ हे दिसायला लागतं. ते मला दिसत नव्हतं. वर्गातल्या बाकीच्यांचे तांब्ये माझ्या तांब्याशेजारी भिंतीवर लागले तेव्हा दिसलं. प्रत्येक जण तीच वस्तू, तोच स्टुडिओ, तोच लाइट वापरतोय आणि एकाचा फोटो तुमच्यापेक्षा सरस आहे, तेव्हा सबबीला जागाच उरत नाही. कॉलेजचं खरं मोल मला तिथे वाटतं. आपल्या कामाकडे रोज कोणीतरी डोळे उघडे ठेवून बघतं आणि तोंडावर बोलतं.

रीळवाला, गिरगाव

मी वर्तमानपत्रात फोटोग्राफर होतो, आता निवृत्त. चाफाताई, आधी तुमच्या भाच्याच्या फोटोबद्दल बोलतो, मग कॉलेजबद्दल.

फोटो चांगला आहे. लोक आगमनाला मूर्तीकडे कॅमेरा करतात, या मुलाने मंडप बांधणाऱ्यांकडे केला, हे मला फार आवडलं. हॅलोजन पाठीमागे ठेवून चेहरे थोडे काळोखात राहू दिलेत, तेही चालेल, डब्यांच्या कडा चमकल्या आहेत. पण उजवीकडच्या माणसाचा हात मनगटापाशी कापला गेलाय आणि त्याच हातात घास आहे. बाकीच्या तिघांचे घास तोंडात किंवा डब्यात. हवेत असलेला एकच घास, आणि तोच चौकटीच्या बाहेर. डावीकडे मात्र ताडपत्रीचा मोठा तुकडा काही कारण नसताना बसलाय. कॅमेरा जरासा उजवीकडे वळवला असता तर ताडपत्री गेली असती आणि हात आला असता. त्याला विचारा, तो हात त्याला दिसला होता का. आणखी एक. हे कामगार कुठले, कुठल्या गल्लीतला मंडप, किती वाजता? फोटोखाली तीन ओळी लिहायची सवय आत्तापासून लावा. आमच्या वेळी ओळी नसलेला फोटो डेस्कवरून परत यायचा.

आता कॉलेज. मुंबईत फोटोग्राफी कॉलेजात शिकवणं ही नवीन टूम नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनी पुढे इथेच स्टुडिओ थाटला. तेव्हा वर्गाची गरज उघड होती. फोटो काचेवर घ्यायचे. काच स्वतः ओली करायची, रसायनं स्वतः कालवायची, काच ओली असेतोवरच फोटो घ्यायचा आणि धुवायचा. चुकलं तर काहीच उमटत नसे. आज ते ओझं यंत्राने उचललंय. मग वर्गात शिकायचं काय उरलं? निळसर यांनी लिहिलं ते. बघणं, आणि बघितलेल्यावर बोलणं.

आता नामवंत फोटोग्राफर घ्या. होमाई व्यारावाला जेजेत शिकल्या. पण कॅमेरा हातात धरायला त्यांना माणेकशॉ यांनी शिकवलं, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. जेजेत कॅमेऱ्याचा नाही, चित्रकलेचा अभ्यास. आणि सुरुवातीच्या त्यांच्या चांगल्या फोटोंत जेजेतल्या मैत्रिणीच आहेत. कॉलेजने त्यांना नजर दिली आणि समोर उभी राहणारी माणसंही दिली. उलट गौतम राजाध्यक्ष झेवियर्सचे, विषय रसायनशास्त्र. पुढे लिंटास या जाहिरात कंपनीत गेले आणि तिथून पोर्ट्रेटकडे वळले. रघु राय सिव्हिल इंजिनिअर, पण त्यांचे थोरले भाऊ एस. पॉल स्वतः नामवंत फोटोग्राफर. दयानिता सिंग अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, आणि नंतर न्यूयॉर्कला शिकल्या. ही नावं घेऊन लोक दोन्ही बाजूंनी भांडतात. मला त्यांत एकच गोष्ट सारखी दिसते. प्रत्येकाच्या आसपास चित्रांची जाण असलेलं कोणीतरी होतं. तुमच्या भाच्याजवळ असं कोण आहे?

गॅफर, मरोळ

‘सरळ कोणाच्या तरी हाताखाली लागतो’ यावर लिहितो, कारण मी तेच केलं आणि आजही जाहिरातीच्या शूटवर असिस्ट करतो.

हाताखाली लागणं हे दार सगळ्यांना सारखं उघडं नाही. अंधेरीच्या स्टुडिओत सकाळी सातचा कॉल असतो, पॅकअप कधी ते कोणी सांगत नाही, शेवटची लोकल गेली तर रिक्षाचे पैसे मिळतीलच असं नाही. पहिले काही महिने तुम्ही उजेड परतवायला थर्माकोल धरता, वायरी गुंडाळता, सँडबॅग वाहता, लॅपटॉपला जोडलेली टेथर केबल कोणाच्या पायात येणार नाही हे बघता. शिकायला प्रचंड मिळतं, पण समजावून कोणी सांगत नाही, कारण घड्याळ चालू असतं आणि स्टुडिओचं भाडं तासावर. चांगला सिनियर मिळाला तर सोनं. एका सिनियरने माझे सहा महिन्यांचे पैसे आजपर्यंत दिलेले नाहीत.

आणि तिथवर पोचतं कोण? बहुतेक असिस्टंट ओळखीने लागतात. कोणाचा तरी वर्गमित्र, कोणाचा तरी ज्युनिअर. मी कुर्ल्याच्या नगरपालिकेच्या शाळेतला, मराठी माध्यम. माझा पहिला फोन लागायला दोन वर्षं गेली आणि तोही आमच्या चाळीतला एक जण लाइट भाड्याने देणाऱ्याकडे कामाला होता म्हणून. जेजेचा शिक्का असलेली मुलं दुसऱ्याच आठवड्यात सेटवर दिसायची. एजन्सीची माणसं इंग्रजीत ब्रीफ देतात, मूडबोर्ड म्हणजे नमुन्याच्या चित्रांचा फलक दाखवतात, अमुक चित्रकारासारखा उजेड हवा म्हणतात. कॉलेजातल्या मुलाने तो चित्रकार ग्रंथालयात बघितलेला असतो. मी घरी जाऊन शोधायचो. म्हणून ज्यांना घरातून काही ओळख नाही, त्यांनी ‘कॉलेजची गरज नाही’ हे वाक्य जपून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. ज्यांच्या वडिलांचा स्टुडिओ आहे त्यांना ते परवडतं. बेस्टच्या कर्मचाऱ्याच्या मुलाला सरकारी कॉलेज मिळत असेल तर ते सोडू नये.

शटर१२५, डोंबिवली

गॅफर, हे पटलं. मी ज्या सिनियरकडे लागलो ते वडिलांचे मित्र होते, हे मी लिहिलंच नव्हतं. तरी जेजेत नंबर लागला नाही तर काय, हा प्रश्न राहतोच. जागा मोजक्या आणि राज्यभरातून मुलं येतात.

मसुदा, दादर

मी वकील आहे, फोटोग्राफर नाही, पण पुष्कळ फोटोग्राफर माझ्याकडे उशिरा येतात, म्हणून लिहिते. मुलगा कॉलेजात जावो वा न जावो, ही गोष्ट त्याला पहिलं काम घेण्याआधी माहीत हवी.

बहुतेकांना वाटतं, फोटो मी काढला म्हणजे हक्क माझा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचा. एखाद्याने मोबदला देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि तुमच्यात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. लग्नाचे फोटो, दुकानाच्या मालाचे फोटो, सगळं यात येतं. नोकरीत काढलेल्या फोटोंचे नियमही त्याच कलमात आहेत. म्हणून ‘वेगळं काही’ आधी कागदावर ठरवायचं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी हवं. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाने मिठाईच्या दुकानाच्या मेनूकार्डासाठी फोटो काढले होते. वर्षभराने तेच फोटो महामार्गावरच्या होर्डिंगवर आणि डब्यांवर. त्याच्याकडे कागद म्हणून एकच व्हॉट्सॲप मेसेज होता, ‘ओके सर, डन’. मेनूकार्डाचे पैसे एवढे, होर्डिंगचे वेगळे, अशी एक ओळ त्या मेसेजमध्ये असती तर बोलायला जागा होती. चाफाताई, कुठल्याही संस्थेत चौकशीला जाल तेव्हा हे विचारा: करार, बिल, जीएसटी, टीडीएस यातलं काय शिकवता? याचं उत्तर मिळालं नाही तर वर्षाला साडेतीन लाख कशाचे, ते त्यांनाच विचारा.

निळसर, विलेपार्ले

मसुदाताई, हे जेजेच्या पहिल्या वर्षातल्या प्रत्येक मुलाला वाचायला द्यावं असं आहे. मी विद्यार्थी असताना आम्हाला याबद्दल फार थोडं कळलं होतं.

शटरदादांच्या प्रश्नाबद्दल. जेजे हुकलं तर बी.कॉम. हा पराभव नाही. सकाळचं कॉलेज, दुपार मोकळी, तीन वर्षं घरखर्चावर ताण नाही. सोबत एखादा अर्धवेळ कोर्स करता येतो. नंतर एनआयडीत गांधीनगरला फोटोग्राफी डिझाइनची पदव्युत्तर पदवी आहे, तिच्या पात्रतेच्या अटी नीट वाचून ठेवा. मात्र बी.कॉम. करत असताना दर आठवड्याला कोणाला तरी फोटो दाखवायची सोय आधी लावा. ती नसेल तर तीन वर्षांत तो इन्स्टावरच्या लाइकना शिक्षक समजायला लागेल. फार हुशार मुलांचं असं झालेलं मी बघितलंय.

खासगी संस्था सगळ्या वाईट असंही नाही. पण पैसे भरण्याआधी माहितीपत्रकातले नाही, मागच्या वर्षी शिकून बाहेर पडलेल्या मुलांचे फोटो मागा, आणि त्यातल्या दोघांना फोन करा. स्टुडिओ किती मुलांत एक, रात्री वापरता येतो का, शिकवणारे स्वतः अजून काम करतात का. एका संस्थेत मी पाहुणी म्हणून गेले होते. सुंदर इमारत, उत्तम कॅमेरे, आणि भिंतीवर मुलांचा एकही प्रिंट नाही.

रीळवाला, गिरगाव

प्रिंटचं बरोबर बोललात. फोनवर फोटो दोन सेकंद राहतो. टेबलावर वीस प्रिंट मांडले की कुठले दोन एकच आहेत, कुठला उगीच ठेवलाय, ते मुलाला स्वतःलाच कळतं. बोरा बाजारच्या बाजूला जाऊन साधे पोस्टकार्ड साइजचे काढून आणले तरी पुरे.

चाफा, लालबाग

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काय म्हणू. ताई-भाऊजींना मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. भाऊजी गॅफर यांचा प्रतिसाद ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘सरकारी कॉलेज असेल तर माझा विरोध कधीच नव्हता.’ जेजेत हा विषय आहे हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. जेजे म्हणजे चित्रकार आणि आर्किटेक्ट एवढंच डोक्यात होतं.

रीळवाला काका, तुमचं वाचून भाचा उठला आणि लॅपटॉप उघडून बसला. मूळ फोटोत तो हात आहे! घासासकट. इन्स्टासाठी आडव्या फोटोचा चार बाय पाच उभा तुकडा केला तेव्हा उजवी बाजू गेली. मूळ फोटो आता जोडलाय. ओळी त्याने लिहिल्यात, माणसांची गावं मात्र त्याला माहीत नाहीत. तो म्हणतो मंडप अजून पूर्ण उतरवलेला नाही, जाऊन विचारून येतो.

त्याने इंटरमिजिएट दिली होती, बी ग्रेड. स्मरणचित्र कच्चं आहे असं त्याचंच म्हणणं. ते तयारीने सुधारतं का?

निळसर, विलेपार्ले

सुधारतं, नक्की सुधारतं. स्मरणचित्रात प्रसंग देतात: भाजी मंडई, बसस्टॉप, रेल्वेचा पूल. त्याला सांगा, रोज एक जागा दहा मिनिटं कॅमेरा न काढता बघायची आणि घरी येऊन काढायची. माणूस ओझं उचलतो तेव्हा कंबर कुठे वळते, डोक्यावर पाटी असली की मान कशी राहते. लालबागच्या बाजारात एवढं रोज बघायला मिळतं. माझ्याकडे जुन्या सरावाच्या वह्या आहेत, त्या देते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रीळवाला, गिरगाव

मूळ फोटो बघितला. आता तो पूर्ण आहे. तुकडा करू नका, आडवाच ठेवा. माणसांची नावं-गावं मिळाली की ओळी परत लिहा, आणि त्या चौघांना एकेक प्रिंट नेऊन द्या.